हळदीला जिराफ

पाच सवाष्णी पदर खोचून उखळाभोवती उभ्या होत्या. निफाडहून नवरदेवाची उष्टी हळद घेऊन त्याची आत्या दारात येऊन थांबली होती. आणि माझ्या सासूच्या मुसळांना कान होते.

नुसते कान असते तर मी त्यांच्यावर पदर टाकला असता. पण डोळे होते, शिंगं होती, अंगभर तपकिरी ठिपके होते. दोन मुसळं म्हणजे दोन जिराफ. त्यातल्या एकाची मान जराशी खाली होती. ती बायको असावी.

आत्याबाईंनी हळदीची वाटी या हातातून त्या हातात घेतली.

"हे काय वं, आजी?"

"जिराफ," मी म्हणाले. खोटं बोलायला वेळ नव्हता.

"ते मला बी दिसतंय. मुसळ कुठंय?"

"तेच मुसळ."

लोकांचं मुसळ केरात जातं, आमचं जंगलात गेलं होतं. आणि ज्याने ते तिकडे पाठवलं तो सुकदेव माझ्या मागे करवत घेऊन उभा होता.

सुकदेव आमचा शेजारी. सिडकोत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तो खिळा तिकडे ठोकतो, माझ्या मांडणीतली वाटी इकडे पडते. सगळी नोकरी त्याने सटाण्याच्या रस्त्यावर बस चालवली. माझे मालक होते तेव्हापासून मला वहिनी म्हणतो. माणूस वाईट नाही. चहाला बोलवा, येतो, कप विसळून ठेवतो. फक्त त्याला तुमच्या घरातलं लाकूड दाखवू नका.

तो घरात आला की माणसांकडे बघत नाही. खुर्ची दिली तर आधी उलटी करतो, खालून बघतो, बोटाच्या पेराने टकटक करतो, मग सुलटी करून बसतो. पाणी पितापिता त्याची नजर फिरते आणि एका वस्तूवर थांबते. मग तो भांडं खाली ठेवतो आणि म्हणतो, "ह्याच्यात बगळा आहे."

ज्याच्यात बगळा आहे ते आमचं लाटणं असतं, आणि मी त्याने पोळ्या लाटत असते.

"असेल," मी म्हणते. "पोळ्या झाल्यावर उडू दे."

त्याला सगळीकडे काही ना काही दिसतं. रवीत त्याला मोर दिसतो. पोळपाटात घुबड, खाटेच्या पायात उंट. सोनवण्यांच्या दारामागच्या खुंट्या त्याने अशा काही नजरेने बघितल्या की सोनवणे बाईंनी त्या दिवशी त्यांच्यावरचे कपडे काढलेच नाहीत. पण त्याच्यापुढे फार दिवस कोणी टिकत नाही. मोडायला आलेली वस्तू माणूस शेवटी देऊनच टाकतो. मग आठ-पंधरा दिवस भिंतीपलीकडून करवतीचा आणि पॉलिश पेपरचा आवाज येतो, आणि एक दिवस सुकदेव नवी वस्तू पोटाशी धरून ज्याची त्याला द्यायला निघतो.

ते निघणंही बघण्यासारखं असतं. दारातून उलटा बाहेर पडतो आणि स्वतःच स्वतःला सांगतो, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या, येऊ द्या... बास." बस मागे घेताना कंडक्टर सांगतो तसं. आता कंडक्टर नाही, तर दोघांचं काम एकटा करतो.

लोक म्हणतात, बायको गेल्यावर त्याला हे वेड लागलं. खोटं आहे. मंदा होती तेव्हाही हेच होतं. ती बिचारी लाटणं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. तरी त्याने शोधलं. शेवटीशेवटी त्यांच्या घरी पोळ्या सरबताच्या बाटलीने लाटायचे. तो अजून तसंच लाटतो. पोळी गोल येते, मी खाल्ली आहे.

साळवे बाईंच्या सासऱ्यांचं तर ऐकाच. म्हातारा भला माणूस होता. त्याच्या पुण्यानुमोदनाला सगळी कॉलनी गेली. वंदना झाली, चार लोक चार चांगले शब्द बोलले, बायका डोळे पुसत होत्या. कोपऱ्यात म्हाताऱ्याची वाकडी काठी उभी होती. सुकदेव माझ्या शेजारी बसला होता. मला तेव्हाच धडकी भरली. मी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. पण तोवर तो साळव्यांकडे वळला होता.

"दादा, काठी टाकू नका. ह्याच्यात मुंगूस आहे."

साळवे सरकारी कचेरीत कारकून. साहेबांचं ऐकून घ्यायची सवय. म्हणाले, "बरं."

महिन्याभरात मुंगूस आलं. खरं सांगते, झकास होतं. काठीचा वाक होता तिथे मुंगसाची पाठ होती, आणि ते मागे वळून बघत होतं. साळव्यांनी ते टीव्हीजवळ ठेवलं. पाहुण्यांच्या पोराने ते बघून भोकाड पसरलं. नंतर मी गेले तेव्हा टीव्हीजवळ फुलदाणी होती.

"मुंगूस कुठंय?" मी विचारलं.

"गावी नेलं," साळवे बाई म्हणाल्या. "इथं जागा कुठे, माई."

सोनवण्यांचा उंटही गावी गेला. मोर गावी गेला, घुबड गावी गेलं. ज्याच्या घरी बघावं त्याने गावी नेलेलं. आमच्या कॉलनीतल्या लोकांच्या गावी आता माणसांपेक्षा जनावरं जास्त झाली असतील असं मला वाटायचं. सुकदेवाने विचारलं तर त्यालाही हेच सांगायचे. तो मान हलवायचा. "चांगलं केलं. गावाला हवा असते."

आमच्याकडे त्याने केलेली एकच वस्तू आहे. माझा जेवायचा पाट फुटला, त्याचं त्याने कासव केलं. वजनदार आहे. आमचं पुढचं दार वाऱ्याने आपटतं, म्हणून मी ते कासव दाराला लावलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा सुकदेव उंबऱ्यातच थांबला.

"वहिनी, ती कला आहे."

"असू दे. दार आपटत नाही आता."

"कला पायात ठेवतात का?"

"मग डोक्यावर ठेवू? कासव आहे, जमिनीवरच राहायचं."

त्याला ते आवडलं नाही. पण येताजाता तो वाकून कासवाच्या पाठीवरची धूळ पुसायचा. अजून पुसतो.

एकदा मी त्याला माझी काठी दाखवली. गुडघे गेल्यापासून मी काठी घेऊन चालते. म्हटलं, "साळव्यांच्या काठीत मुंगूस निघालं. ह्याच्यात काय आहे रे?"

त्याने काठी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत बघितली. टकटक केलं नाही. परत दिली.

"काठीच आहे," म्हणाला.

आता मुसळांचं. आमची मुसळांची जोडी माझ्या सासूची. एरवी माळ्यावर पडून असते. मसाला मी गिरणीतून आणते आणि चटणी मिक्सरमध्ये करते, मला कुटायची हौस नाही. पण गल्लीत लग्न निघालं की आमच्या दारात बायका येतात, कारण कॉलनीत दुसरी जोडी नाही. सोनवण्यांची होती, ती त्यांनी बंबात घातली. आमच्यात लग्नाची हळद विकत आणून चालत नाही. दोन मुसळं एकत्र बांधायची, आंब्याची पानं लावायची, आणि पाच जणींनी मिळून हळकुंडं कुटायची. तिकडून आलेली उष्टी हळद आपल्या कुटलेल्या हळदीत मिसळल्याशिवाय नवरीला लावायची नाही.

गेल्या दिवाळीनंतर एका मुसळाचं खालचं लोखंडी कडं सैल झालेलं दिसलं. नात राणीचं लग्न ठरत आलं होतं. मी सुकदेवाला हाक मारली, म्हटलं कडं बसवून दे. त्याने मुसळं घेतली. मुसळांकडे बघितलं. आणि काहीही म्हणाला नाही.

लाकूड हातात घेऊन हा माणूस गप्प राहिला, तिथेच मला कळायला हवं होतं. पण माझ्या मागे पत्रिका, आहेर, आचारी. मी विसरले.

हळदीच्या दिवशी सकाळी सून म्हणाली, "आई, मुसळं?"

मी काठी घेतली आणि सुकदेवाकडे गेले. पुढची खोली रिकामी होती. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. ती खोली तो एरवी बंद ठेवतो, पसारा आहे म्हणतो. मी कधी आत गेले नव्हते. लोकांचे पसारे बघायला मला वेळ नसतो.

तो जमिनीवर बसून दोन लांब वस्तू नव्या चादरीत गुंडाळत होता.

"मुसळं दे," मी म्हणाले.

"कोणती?"

"माझी. कडं बसवायला दिलेली."

"कडं बसवलंय," तो म्हणाला आणि चादर बाजूला केली.

मी जिराफ बघितले. डोकी खाटेच्या पायाची. कान म्हणजे लोणच्याच्या बरणीतले लाकडी चमचे, मंदाच्या बरण्यांमधले. डोळ्यांना त्याच्या खाकी शर्टाची बटणं. मी तोंड उघडलं होतं ते शिव्या द्यायला. पण माझी नजर वर गेली.

तीन भिंतींना फळ्या होत्या. फळ्यांवर उंट होता. मोर होता, घुबड होतं, बगळे तर ओळीने होते. म्हाताऱ्या साळव्यांचं मुंगूस मागे वळून माझ्याकडे बघत होतं. कशावर धुळीचा कण नव्हता.

"हे तर गावी गेलं होतं," मी म्हणाले.

"परत आलं."

"आणि तो उंट?"

"तोही आला. सगळे आले, वहिनी. गावी करमत नसेल." आणि हसला.

मग त्याने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. भंगारवाला कॉलनीत फेरी मारून झाली की शेवटी त्याच्या दारात गाडी उभी करतो. त्याला आता माहीत झालंय, या काकांची जनावरं कोणती. मोडलेला पाय, तुटलेली चोच सुकदेव पुन्हा बसवतो आणि फळीवर ठेवतो. कुणाला काही बोललेला नाही. उलट भेटल्यावर विचारायचा, काय म्हणतोय आमचा उंट? आणि ते सांगायचे, मजेत आहे गावी.

माझं कासव तेवढं त्या खोलीत नव्हतं. ते माझ्या दाराला होतं.

"राणी निफाडला चालली," सुकदेव चादरीची घडी नीट करत म्हणाला. "ते खरंच गाव आहे. म्हटलं, तिच्याच घरचं लाकूड, तिच्याबरोबर जाईल. आपलं एक तरी गावी जाईल आणि तिथंच राहील."

"बाबा रे," मी म्हणाले, "त्या मुसळांनी आज हळद कुटायची आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "हळद पुड्यात मिळते ना?"

त्याचा तरी काय दोष. पुरुषांना हळद अंगाला लागल्यावर कळते. जन्मभर त्याने लोकांची वऱ्हाडं वाहिली, पण कुटायच्या वेळी तो नेहमी स्टीअरिंगवर होता.

"लग्नाची नाही मिळत," मी म्हणाले.

तो उठला. भिंतीवरची करवत काढली. "डोकी उडवतो. आत्ता होतं."

तेवढ्यात बाहेर गाडीचे हॉर्न वाजले आणि सुनेची हाक आली, "आई, निफाडकर आले!" मग काय, मी पुढे, तो मागे, दोन बगलांत दोन जिराफ आणि हातात करवत. आमच्या दारातून आत येताना मी त्याला पुटपुटताना ऐकलं. "येऊ द्या, येऊ द्या... बास."

आणि आत्याबाईंनी विचारलं, हे काय वं.

घरात जो तो बोलायला लागला. सून रडायच्या बेतात. साळवे बाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या, त्या हसू दाबत म्हणाल्या, "माई, आता आमचं मुंगूस पण बोलवा हळदीला."

"तुमचं गावी आहे ना?" मी म्हणाले.

त्या कप गोळा करायला लागल्या. अजून कोणी चहा प्यायला नव्हता.

"काप की वं बाबा पटकन," आत्याबाई सुकदेवाला म्हणाल्या. "आमची हळद वाळून चालली. लय उशीर झाला."

सुकदेवाने एक जिराफ उंबऱ्यावर आडवा घातला. मान नीट धरली. करवत ठेवली. बसचं चाक पंक्चर झाल्यावर ड्रायव्हर जसा मुकाट जॅक काढतो, तसं चाललं होतं.

आतल्या खोलीतून राणी बाहेर आली. पिवळं पातळ, केस मोकळे. "आजी, ते कुणाचे आहेत?"

"तुझे," मी म्हणाले.

तिने जिराफांकडे बघितलं, मग सुकदेवाकडे. "काका, माझे असतील तर विचारून कापा ना."

तो थांबला, पण करवत उचलली नाही. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी विधवा, कुटायला माझा हात चालत नाही. पण हुकूम द्यायला सवाष्ण लागत नाही.

"सुकदेव, करवत खाली ठेव. तुटकी वस्तू मंगल कार्याला चालत नाही. डोकं उडवलं की मुसळ खंडित झालं. खंडित मुसळाची हळद माझ्या नातीला लागणार नाही."

आत्याबाई काही कच्च्या नव्हत्या. "आन् कान चालतात का?"

"कान जास्तीचे आहेत. कमी चालत नाही. जास्तीचं चालतं."

ही रीत कुठे आहे ते मला विचारू नका. मी बोलले तेव्हापासून आहे.

आत्याबाईंनी वाटी खिडकीत ठेवली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "सरका. निफाडच्या बाईचा एक हात लागू द्या. आना ते हरण इकडं."

"जिराफ आहे," सुकदेव उंबऱ्यावरून म्हणाला.

"जे असंल ते. बांधा."

दोन्ही मुसळं बांधली. आंब्याची पानं लावली, ती नेमकी जिराफांच्या तोंडाशी आली. खरे जिराफही म्हणे झाडाची पानंच खातात. पाच जणींनी हात घातला आणि पहिला घाव पडला. घावासरशी कान हलले. दुसऱ्या घावाला एक सवाष्ण हसली. तिसऱ्याला गाणं म्हणणारी थांबली, कारण तिला हसू आवरेना. लग्नघरात हळद कुटताना बायका इतक्या हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. माझ्या स्वतःच्या हळदीला तर सगळ्या रडत होत्या, आणि कारणही होतं, पण ते जाऊ दे.

हळद बारीक होत आली तेव्हा एका जिराफाचा डावा कान सुटून उखळात पडला. मुसळं थांबली. आत्याबाईंनी तो हळदीतून काढला, झटकला, आणि माझ्याकडे बघितलं.

"जास्तीचाच होता," मी म्हणाले.

"मी काय बोलले का?" आत्याबाई म्हणाल्या आणि कान सुकदेवाच्या हातात दिला. तो बाहेर पायरीवर बसला होता. बायकांच्या कामात पुरुषाने आत थांबायचं नसतं. त्याने माझं दाराचं कासव मांडीवर घेतलं होतं, आणि दार वाऱ्याने आपटत होतं.

"हे तुम्ही केलं का?" आत्याबाईंनी विचारलं.

त्याला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. "हो," म्हणाला. "चुकलं."

"आमच्या घरी लय लाकूड पडलंय. बैलगाडीचं जू हाये, जुन्या माच्या हायेत. या दोन दिस राहायला. पर काय करशाल ते कामाचं करा. नुसतं बघायचं आम्हाला नको."

सुकदेवाने कासव खाली ठेवलं, दाराला नीट लावलं आणि घरी निघून गेला. जाताना त्याने एकदाही "येऊ द्या" म्हटलं नाही.

जिराफ राणीबरोबर गेले. निफाडला त्यांच्या पुढच्या खोलीत एका पाटावर उभे असतात. पाटाला भोकं पाडून त्यात उभे केलेत, म्हणजे लग्न निघालं की उपटायचे, हळद कुटायची, धुऊन पुसून परत रोवायचे. आता तिकडच्या चार घरांतून त्यांना मागणी असते. "जिराफाची मुसळं द्या," म्हणतात. आधी सुकदेवाला बोलवतात, कानांचे स्क्रू घट्ट करायला. तो बसने जातो. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतो आणि उतार आला की रिकाम्या जागेवर पाय दाबतो. मी एकदा त्याच्याबरोबर गेले होते, म्हणून माहीत. बैलगाडीच्या जुवात त्याला हरीण दिसलं. आत्याबाई म्हणाल्या, "असू द्या हरीण, पर त्याच्यावर घोंगड्या वाळल्या पायजे." आता वाळतात.

मागच्या खोलीतलं मी कॉलनीत कुणाला सांगितलं नाही. आता वाचतील तेव्हा कळेल. कळू दे. मुंगूस अजून तिथेच आहे, साळव्यांना हवं तर त्यांनी गावाहून आणावं.

राणी मजेत आहे, आत्याबाई ठणठणीत आहेत, सुकदेव आहे, मी आहे. त्या हळदीत गेला तो फक्त एक कान.